दिवा लाल असेपर्यंत

टण्णकन कात्री फरशीवर पडली आणि दुपारची शांतता मोडली. तिने दचकून आधी दारावरच्या भिंतीकडे पाहिलं, मग कात्री उचलली.

"आई, काही पडलं की तू वर काय बघतेस गं?" गृहपाठ करणाऱ्या लेकीने विचारलं. "तिथे तर काहीच नाही."

"सवय," ती म्हणाली.

लग्नाआधी ती स्टुडिओत कपडे शिवायची. बोलपट नुकतेच आले होते. दारावरचा लाल दिवा लागला की आलेली शिंकही गिळायची. एवढासा आवाज झाला, तर अख्खं गाणं पुन्हा पहिल्यापासून.

चित्र हसवणारं होतं. बंगल्यातला तरुण शिवणाऱ्या पोरीवर भाळतो, बापाची भंबेरी उडते आणि शेवटी सगळे नाचतात. नायिकेच्या कोऱ्या करकरीत झग्याला ठिगळं लावायचं काम हिचं.

"गरिबी जरा मऊ शीव हं," मालकांचा धाकटा मुलगा चिडवायचा. "आमच्या नायिकेला टोचायची."

"घरून आणू का थोडी, धाकटे मालक? आमच्याकडे भरपूर आहे."

तो खळखळून हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पुन्हा तिच्या टेबलाशी हजर.

शेवटच्या गाण्याच्या दिवशी तो सेटच्या पडद्यामागे तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "बाबांशी बोललोय. घर सोडावं लागलं तरी चालेल. माझ्याशी लग्न करशील?"

आणि दिवा लागला.

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. पलीकडे चार मिनिटं गाणं चाललं होतं आणि तो तिच्याकडे बघत होता. नुसती मान हलवायची होती. पहिल्या कडव्यातच 'हो' मनात येऊन बसलं होतं. दुसऱ्या कडव्यात त्याच्या बंगल्याचं मागचं दार आठवलं. मापं घ्यायला गेलेली तिची आई तिथे तासतासभर ताटकळायची.

दिवा विझला. टाळ्या पडल्या. "अगं, किनार सुटलीये माझी," नायिकेने हाक मारली. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक टाचणी लावत राहिली. मान वर केली, तेव्हा तो गेला होता. आठवड्याभरात परगावीच गेला.

चित्र वीस आठवडे चाललं. तिने पाहिलं नाही.

लेकीला तिने एवढंच सांगितलं, "एकदा एकाने काही विचारलं आणि नेमका तो दिवा लागला. उत्तर राहूनच गेलं बघ."

लेक पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "पण दिवा विझल्यावर बोलता यायचं ना? तेव्हा का नाही बोललीस?"