एकोणीस दिवस

तियाल पारच्या पत्राला मी सात वर्षे उत्तर दिले नाही. ते हरवले असते तर मला एक सबब तरी मिळाली असती. पण ते माझ्या शब्दांच्या जाड वहीत घडी करून ठेवलेले होते, आणि ती वही मी रोज उघडतो. आमच्या भाषेतले जुने शब्द गोळा करण्याचा मला नाद आहे. त्याचा कोणाला उपयोग आहे की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

पत्र एका पानाचे होते.

"सया, तुम्ही बरे असाल. बांबू फुलल्यावर उंदरांनी आमचं सगळं भात खाल्लं, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा धाकटा ब्याक चार वर्षांचा होता. भूक सहन झाली नाही म्हणून त्याने भिजत घातलेला रानकंद दुसऱ्याच दिवशी उचलून खाल्ला. पाच दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय त्याचं विष जात नाही. मी झऱ्यावर गेले होते. मुठीचा डबा माझ्याच घरात होता आणि त्यात गावाचा तांदूळ होता. मी हात लावला नाही. ब्याकला पुरल्यानंतर चौथ्या दिवशी तुमचं पत्रक आलं, की मूठ थांबवा आणि डब्यातला तांदूळ लहान मुलं असलेल्या घरांत वाटा. पत्रकाच्या वर मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या सभेची तारीख आहे. खाली तुमच्या सहीची तारीख आहे. मध्ये एकोणीस दिवस आहेत. काही अडचण आली असेल. ती कोणती, एवढं कळवा. तुमची विद्यार्थिनी, तियाल पार."

आमच्या डोंगरात भात शिजवायला घेतला की घरची बाई मापलेल्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. ती मूठ देवाची. महिन्याच्या शेवटी ती मंडळीकडे जाते आणि तिच्यातून पाळकांचे पोट चालते, नव्या गावांत चर्च उभे राहते. तियाल पार आपल्या गावच्या स्त्रियांची प्रमुख होती, म्हणून डबा तिच्याकडे. शाळेत तिला मीच शिकवले होते; सया म्हणजे आमच्याकडे मास्तर. डब्यातला तांदूळ देवाचा असतो, त्याला कोणी हात लावायचा नाही, हेही मीच शिकवले होते. बाकीच्या गावांनी उपासमारीत मूठ काढणे आपल्या अकलेने थांबवले, काहींनी डबेही रिकामे केले. तियाल पार आज्ञाधारक होती. ती पत्रकाची वाट पाहत राहिली.

त्या वर्षी मी तेरा गावांच्या मंडळ्यांचा चिटणीस होतो. सभा संपली तेव्हा वडीलधाऱ्यांचे अध्यक्ष पू ह्रे मांग मला म्हणाले, "सया, चार ओळी लिहा आणि उद्या धाडून द्या. पत्रक आहे, लग्नातली कविता नाही."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन चार ओळी लिहिल्या. मग वाटले, देवाची मूठ थांबवा, असे सरळ लिहिणे उद्धट दिसेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तऱ्हेने लिहिले. वर कोणते वचन घालावे, हे ठरेना. एक वचन फार कठोर वाटे, दुसरे फार मऊ. आठवडा गेल्यावर मंडळीतले तरुण काय म्हणतील, पलीकडच्या पंथाचे लोक हसतील का, अशा शंका येऊ लागल्या. मग काढलेली प्रत पुन्हा फाडली. माझी बायको पार एंग चुलीजवळून म्हणायची, "अहो, अजून तेच?" मी म्हणायचो, "होत आलं." पू ह्रे मांगांना वाटत होते की पत्रक केव्हाच गेले. माणसे कंद उकरायला रानात गेलेली, वाटा ओस पडलेल्या. तोंडी निरोप नेणारे कोणी नव्हते. एकोणिसाव्या दिवशी पत्रक निघाले. तारखांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, म्हणून दोन्ही तारखा मीच स्वच्छ अक्षरात घातल्या.

ते गाव तीन दिवसांच्या चालीवर आहे. बाराव्या दिवशी जरी पत्रक निघाले असते तरी चालले असते.

"काही अडचण आली असेल." या वाक्यापुढे मला कधी जाता आले नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी पायी जाऊन तिच्या दारात बसलो असतो. देवाची इच्छा, ब्याक प्रभूजवळ आहे, असे लिहायला मी अनेकदा बसलो. ते खोटे नव्हते. पण त्याच्या आड मी लपत होतो, आणि लिहिताना ते मला दिसत होते. डोळ्यांचे निमित्त सांगून मी चिटणीसपण सोडले. पार एंगला मी काही सांगितले नाही. तिने पत्र वाचले होते, हे मला ती गेल्यावर कळले. वहीतल्या त्या पत्राच्या घडीत तिने एक कोरा कागद, पाकीट आणि तिकीट ठेवलेले होते.

ती गेली त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून मी माझ्यापुरती मक्याची पेज करतो. तिचा मुठीचा डबा फळीवर रिकामा असतो.

या पावसाळ्यात आमच्या शहराचा अर्धा उतार खाली आला. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी जमीन हलल्यासारखी वाटली आणि समोरच्या आळीतली घरे पत्र्यांसकट सरकत गेली. माझे घर कडेला राहिले. का राहिले, हे विचारू नये. शाळेच्या मैदानात ताडपत्र्यांच्या रांगा लागल्या. रस्ते तुटले. शहरातला तांदूळ आठवड्यात संपेल, असे लोक म्हणत होते. मी दोनदा मैदानापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. अशा ठिकाणी माझ्यासारख्याने काय करायचे असते, ते मला उमगत नाही.

त्या गुरुवारी दुपारी एक मुलगी दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर वेताची टोपली.

"सया तुम्हीच ना? मी सुई तिन. तियाल पार माझी मावशी."

मी दारातून बाजूला झालो. ती आत आली, टोपली टेकवली आणि सरळ चुलीपाशी जाऊन माझ्या भांड्यावरचे झाकण उचलले.

"हे काय? कालची पेज? आंबली आहे ही, सया."

"मला चालते."

"तुम्हाला चालते, पण पोटाला विचारलंत का?" मग ती ओशाळली. "रागावू नका. मावशीची सवय. आमच्याकडे ती कुणाच्याही घरात शिरते आणि आधी झाकण उचलते. लोक तिला झाकणवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात, ती ऐकून घेते."

"केव्हापासून?" मी विचारले.

सुई तिन चुलीजवळ बसली. "ब्याक गेल्यावर वर्षभर ती चर्चला आलीच नाही. पाळकसाहेब आले की ती त्यांना पाणी द्यायची आणि कामाला लागायची. डबा दुसऱ्या कुणाकडे द्या, असं बायका म्हणाल्या, तर तोही देईना. मग गुड फ्रायडेला आली, शेवटच्या बाकावर बसली. क्रुसावरून प्रभूनं बापाला विचारलं, मला का टाकलंस, तो पाठ चालला होता. ही एकदम उभी राहिली आणि म्हणाली, 'त्यालाही उत्तर मिळालं नाही.' एवढंच. आणि खाली बसली. आमच्या पाळकांना पुढची ओळ सापडेना."

"मग?"

"मग सोमवारी डबा कमरेवर घेतला आणि दारोदार निघाली. म्हणाली, प्रभू थडग्यात तीन दिवस थांबला, मी एक वर्ष थांबले, आता बसून काय करू. त्या दिवसापासून मूठ आधी गावातल्या रिकाम्या भांड्यात जाते, उरलेली मंडळीकडे. मंडळीचे वडीलधारे कुरकुरले. ती म्हणाली, तुम्ही या आणि झाकणं उचला, मी घरी बसते. कुणी आलं नाही." सुई तिन हसली. "वैताग येतो तिचा. नव्या सुनांना तर फारच. पण आमच्या गावात तेव्हापासून उपाशी मूल झोपलेलं नाही, सया. मावशी सुखात आहे असं नाही म्हणत मी. ती अजून कंद शिजवत नाही. घरात आणू देत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या आळीच्या जागी लाल माती होती.

"आता काम ऐका," ती म्हणाली. "तेराही गावांना पत्रक हवंय, की महिनाभराची मूठ इथं मैदानात पाठवा. आमच्या गावाचा तांदूळ खाली तुटलेल्या पुलापर्यंत आलाय. पण आमच्या सांगण्यावर बाकीची गावं हलणार नाहीत. म्हणतात, झाकणवालीचं खूळ. तुमच्या सहीचं पत्रक वाचलं की ऐकतील. निम्म्या लोकांना तुम्हीच शिकवलंय."

"मी आता चिटणीस नाही. आताचे चिटणीस..."

"ते मातीखाली गेले, सया. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हते. दोनदा मैदानापर्यंत जाऊन परत आलो, म्हणून माहीत नव्हते.

"माझ्यानं नाही होणार," मी म्हणालो. "माझं लिहिणं फार हळू आहे."

"मावशी म्हणाली होती, तुम्ही असं म्हणाल. तिनं निरोप दिलाय: सयांना सांग, तासाभरात माणसं निघणार आहेत. चुका राहिल्या तरी चालतील."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी नाही. हां, म्हणाली, सया कधीतरी उत्तर देतीलच. कशाचं, ते मी विचारलं नाही. मावशीला फार विचारलं की ती झाकण उचलायला येते."

मी बसलो. चार ओळी लिहिल्या: काय झाले, काय हवे, कुठे पाठवायचे, कधीपर्यंत. वर वचन घातले नाही. तिसऱ्या ओळीत एक शब्द दोनदा पडला. मी दुसरा कागद ओढला, तेवढ्यात सुई तिनने पहिला माझ्या हाताखालून काढून घेतला.

"सया, वाचता येतंय."

"पण तो शब्द..."

"दोनदा वाचतील," ती म्हणाली आणि तशा बारा प्रती करायला माझ्यासमोर बसली. तिचे अक्षर वाईट होते. मी प्रत्येक प्रतीवर सही केली आणि तारीख घातली. वर आणि खाली, दोन्हीकडे त्याच दिवसाची तारीख.

जाताना ती म्हणाली, "मैदानात कोण कुणाच्या ताडपत्रीत आहे, याची यादी कुणाकडेच नाही. तुम्हाला बसून लिहिता येईल. पण आधी झाकण उचलायचं, मग नाव लिहायचं. नाव विचारलं की माणसं सांगतात, आमचं बरं चाललंय."

दुसऱ्या दिवशी मी मैदानात गेलो आणि या वेळी परत फिरलो नाही. पहिल्या ताडपत्रीपाशीच दहा मिनिटे उभा राहिलो. आत एक म्हातारी बसली होती. तिच्या घरातली सहा माणसे मातीखाली होती आणि त्यांतली दोनच सापडली होती. तीन दगडांवर भांडे होते, झाकणाखालून वाफ येत होती. मी म्हणालो, "आजी, जेवण होतंय वाटतं?" खरे तर ती माझ्याच वयाची होती.

"होतंय बाबा, होतंय," ती म्हणाली.

माझा हात पुढे गेला. परक्या बाईच्या भांड्याला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. झाकण उचलले. नुसते पाणी उकळत होते.

तिने झाकण माझ्या हातातून घेतले. मग म्हणाली, "शेजारच्या पोरांना वाटावं, म्हातारीचं चाललंय. नाहीतर ती आपल्यातलं देतात."

मी घरी जाऊन होता तो मका आणला. तिने त्यातली एक मूठ उचलून बाजूला फडक्यावर ठेवली, आणि मग उरलेला पाण्यात टाकला. ती मूठ तिने शेजारच्या ताडपत्रीत पाठवली.

पाचव्या दिवशी मूठ यायला लागली. तुटलेल्या पुलावरून दोरीने पोती ओढली जात होती. लाल तांदूळ, पांढरा तांदूळ, भरडलेला मका, ज्वारी, सगळे एकात मिसळलेले. तेरापैकी अकरा गावांचे आले. एका गावाने सोबत चिठ्ठी पाठवली होती, की पत्रकात एक शब्द जास्त आहे. त्या आठवड्यात मैदानात तापाने दोन मुले गेली. त्यांच्या आयांजवळ मी बसलो. काही सांगितले नाही. पूर्वी मला वाटे की सांगण्यासारखे सापडल्यावर जावे.

त्यानंतरच्या रविवारी उपासना मैदानातच झाली. घरी येऊन मी वही उघडली, पार एंगने ठेवलेला कागद घेतला आणि लिहिले:

"तियाल पार, काही अडचण आली नव्हती. त्या एकोणीस दिवसांत मी वाक्ये दुरुस्त करीत होतो. लोक काय म्हणतील, याची मला भीती होती. डब्याला हात लावू नये, हे तुला मीच शिकवले, आणि लावावा, हे कळवायला मीच उशीर केला. ब्याक माझ्यामुळे गेला. हे तुला दोन तारखांवरून कळलेच होते. तरी तू मला सांगायला जागा ठेवलीस. मी सात वर्षे ती रिकामी ठेवली. क्षमा मागण्याचा धीर अजून झालेला नाही, पण मागतो. तुझ्या पद्धतीने मी मैदानात झाकणे उचलतो आहे. मला ते नीट जमत नाही. पार एंगचा डबा खाली काढला आहे. तुझा सया, लियान चेऊ."

एक ओळ खोडली होती, ती तशीच राहू दिली. पुन्हा वाचले नाही. वाचले असते तर ते वहीत गेले असते.

टपाल कचेरीचे एक दार मातीने अडले होते. दुसऱ्या दारातून टपालबाबूंनी मला आत घेतले. तेही माझे विद्यार्थी.

"सया, वर जाणारा रस्ता बंद आहे. माणूस पायी जाईल तेव्हा जाईल. कधी पोचेल, सांगता येत नाही. घरी घेऊन जाता का? रस्ता झाला की आणा."

"नको," मी म्हणालो. "इथंच राहू दे."

त्यांनी पाकिटावर शिक्का मारला आणि माझ्या देखत ते पिशवीत टाकले.