धवला कोण उचलणार?

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी अकरा वर्षं अमेरिकन कादंबरी शिकवते आहे आणि अकरा वर्षं परीक्षेत तोच प्रश्न येतो : नायिकेच्या नैतिक वाढीवर समाजाचा प्रभाव स्पष्ट करा, गुण पंधरा. मुलं गाइडमधलं उत्तर उतरवतात, मी बारा गुण देते, सगळे खूश. भिवंडीत शिकवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

कादंबरी तशी साधीच आहे. नदीकाठचं छोटं गाव. तिथल्या पाव भाजणाऱ्या बाईने एका पळून आलेल्या मजुराला आसरा दिला, म्हणून गावाने तिच्याकडून पाव घेणं बंद केलंय. तिच्याच हातचे पाव खाऊन वाढलेली नायिका रोज तिच्या खिडकीवरून मान खाली घालून जाते. चांगली दोनशे ऐंशी पानं जाते. शेवटच्या प्रकरणात दार ढकलून आत शिरते आणि म्हणते, एक पाव द्या. संपली कादंबरी. यात कसली आलीय वाढ, असं दरवर्षी एखादा तरी विचारतोच.

यंदा हेमालीने वेगळंच विचारलं. ही पोरगी दापोड्याहून येते, सकाळी गोदामात पॅकिंगची शिफ्ट करून मग वर्गात बसते. उगाच बोलायला तिच्याकडे वेळ नसतो.

"मॅडम, गाइडमध्ये लिहिलंय की समाजाने तिला अडवलं. पण पूर्ण पुस्तकात तिला कोणीच अडवत नाही. दारात कोणी उभं नसतं. मग समाज म्हणजे कोण? तीच ना?"

"गाइडमध्ये आहे ते लिही," मी म्हटलं. "गुण त्याला आहेत."

शिक्षक असं बोलला की समजावं, वर्मावर बोट पडलंय. मला भयंकर राग आला होता, आणि तो हेमालीचा नव्हता. आमच्या गावात राहीआजी आहे, म्हणून आला होता.

आमचं गाव कोनच्या जरा पलीकडे. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजीच्याही आधी धवलारणीचा मान असतो. ती धवले, म्हणजे हळदीची गाणी, गाते, नवऱ्यामुलाचं आणि त्याच्या आईबापाचं नाव ओळीत गुंफते, आणि तिने गायल्याशिवाय हळद लागली असं कोणी मानत नाही. राहीआजीने गावाच्या दोन पिढ्या हळदीला बसवल्या. दोन वर्षांपूर्वी मैनाचं दुसरं लग्न झालं. मैना विधवा. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात, आणि पाटाला धवला नसतो असं आमच्या गावात मानतात. राहीआजी गायली. मग गावकी बसली, म्हणजे गावातले पाचपंचवीस पुरुष देवळात बसले, आणि ठरलं की जो राहीबाईला बोलावेल त्याच्या मांडवात गाव जाणार नाही. कागद नाही, सही नाही, कारण वाळीत टाकणं हा गुन्हा आहे हे गावकीला पक्कं ठाऊक आहे. त्या बैठकीत आमचे बाबा, पंढरी, पुढच्या खुर्चीत होते.

पण धवल्यावाचून हळद कशी लावणार? त्यावर निघालेला तोडगा आमच्याच लोकांना सुचू शकतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या, मितेशच्या हळदीत मी राहीआजीचे धवले रेकॉर्ड केले होते, कॉलेजच्या चर्चासत्रासाठी. माझ्या धाकट्या भावाने, भाविकने, ते पेन ड्राइव्हवर घेऊन गावभर वाटले. तेव्हापासून हळदीला राहीआजी तिच्या घरात आणि तिचा आवाज डीजेच्या स्पीकरवर. गोम एवढीच की ओळीत नाव मितेशचं. त्यामुळे दोन वर्षांत गावात जितकी लग्नं झाली, तितक्यांदा मितेशला हळद लागली. नाव आलं की डीजेवाला आवाज खाली करायचा आणि बायका हसायच्या. मीही हसायचे. कोणाचंच काही अडलं नाही, म्हणून राहीआजीची उणीवही कोणाला भासली नाही, आणि ही सोय मी करून दिली होती. त्या चर्चासत्राचं प्रमाणपत्र आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय.

आता भाविकचंच लग्न आलं होतं. हळद गुरुवारी. सोमवारी संध्याकाळी बाबा निमंत्रणाची यादी करत होते आणि भाविक पेन ड्राइव्ह शोधत होता.

"राहीआजीला बोलवू या," मी म्हटलं.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाव येनार न्हाय."

"नको येऊ दे."

"तुजं काय जातंय? तू कालेजात. मना हितं राहाचं हाय."

"मीपण इथेच राहते, बाबा. तुम्हाला कोणी दम दिलाय का? गावकीतले महादूकाका येऊन दारात उभे राहिलेत?"

"न्हाय."

"मग घाबरता कोणाला?"

"गावाला."

"पुढच्या खुर्चीत तुम्ही होतात. रेकॉर्डिंग मी दिलं. आता गाव म्हणून आणखी कोण उरलं?"

हे बोलणं हेमालीचं, सरळ सरळ चोरलेलं. चोरीचा माल शिक्षकांना चांगला पचतो.

"तुमी काय ते ठरवा," भाविक म्हणाला, "पन माज्या हलदीत मितेशदादाचं नाव नको. हलद लागून लागून कावीळ झाल्यावानी दिसाला लागलाय तो."

आई पदरात तोंड घालून हसली. बाबा हसले नाहीत. जेवले आणि झोपायला गेले.

मंगळवारी कॉलेजहून परतताना मी राहीआजीकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी आमंत्रण दिलं. तिने सुपातून मान वर केली नाही.

"लगीन कोनाचं?"

"भाविकचं."

"मंग तू कशाला आलीस? धवलारनीला घरचा कर्ता बोलवतो, सुपारी घेऊन. बहीन न्हाय."

"आजी, माझं चुकलं. ते रेकॉर्डिंग..."

"आयकते ना मी. या खिडकीतना येतो माजाच आवाज. पयल्या दिवशी वाटलं, मी मेले का काय."

मी तिच्यासमोर रडले. चाळिशीची बाई, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, आणि हुंदके. तिने सूप बाजूला ठेवलं.

"उगी. बापाला सांग, आला तर येन मी. पन दिवसाउजेडी याचं. देवलावरना याचं, मागल्या वाटेनं न्हाय."

कादंबरीतल्या त्या मुलीचं बरं होतं. पाव मागितला की तिचं पुस्तक संपतं. मला घरी जाऊन बाबांना तोंड द्यायचं होतं. मी आजीचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, त्या 'मेले का काय'सकट. बाबांनी ऐकून घेतलं आणि मांडववाल्याला फोन लावला. बुधवारही तसाच गेला. मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये लपवला आणि हरवला म्हणून भाविकला सांगितलं.

गुरुवारी दुपारी चारला बाबांनी टोपी घातली.

"सुपारी नि तांदूल दे गो ताटात," ते आईला म्हणाले.

गाडी दारात असून ते चालत निघाले. मी चार पावलं मागे. देवळाच्या पारावर महादूकाका आणखी चौघांबरोबर बसले होते.

"कुठं रं पंढरी, हलदीच्या दिवशी?"

"राहीबायला आनाला."

"गावकीत काय ठरलं, इसरलास का?"

"न्हाय. मीच ठरवलं व्हतं. चुकलं माजं."

पारावरचं कोणी अडवायला उठलं नाही. आम्ही पुढे गेलो आणि राहीआजी दारातच उभी होती, नऊवारी नेसून तयार. आला तर येन म्हणे!

हळदीला चारशे खुर्च्या मांडल्या होत्या. सत्तर माणसं आली, त्यात बऱ्याचशा बायका. त्या मागच्या रांगांत बसल्या, लगेच उठता येईल अशा. बाबा रिकाम्या खुर्च्यांकडे बघतच नव्हते. भाविक पाटावर बसला आणि राहीआजीने पहिली ओळ म्हटली, भाविकच्या नावाची, आईबाबांच्या नावाची. म्हणून थांबली. धवलारीण ओळ टाकते, ती इतर बायकांनी उचलायची असते. उचलली नाही तर धवला झालाच नाही.

कोणी उचलली नाही. डीजेवालासुद्धा खाली बघत राहिला.

मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेलाही बाई मला नुसते ओठ हलव म्हणायच्या. तरी मी उचलली, एकटीने, बेसूर. राहीआजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू चार गुणांनी नापास झाले होते, आणि दुसरी ओळ टाकली. ती आईने उचलली, माझ्याबरोबर. तिसरी ओळ सुरू झाली तशी मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चंद्राकाकी उठली. महादूकाकांची बायको. मला वाटलं, निघाली घरी.

ती तरातरा पुढे आली. "सरक गो दिपाली, चाल बिघडवतेस," म्हणाली आणि राहीआजीला टेकून बसली. "दोन वर्सं चुलीफुडं एकलीच गुनगुनते मी. कोन म्हनंल याची वाट बघत व्हते."

"मीपन," मागून कोणीतरी म्हणालं, आणि खुर्च्या एकामागून एक सरकायला लागल्या. बायका खाली सतरंजीवर येऊन बसत होत्या, एकमेकींना ढकलत, जागा करत. राहीआजी त्यांच्यासाठी थांबली नाही. तिने चौथी ओळ टाकली, आणि ती इतक्या जणींनी उचलली की त्यात मी कुठे बेसूर होते ते माझं मलाही ऐकू आलं नाही.