एका तासाची ट्रायल

"गाडी राहू दे रे. वायर कुठनं आणणार हायस ते दाव," भगवंत म्हणाला.

फोनच्या पडद्यावरचा हितेशचा हसरा चेहरा जरासा उतरला. तिकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनला, रात्रीचे साडेआठ वाजले होते. इकडे सालवडला सकाळचे सहा. नवी इलेक्ट्रिक गाडी हितेशच्या ताब्यात येऊन पाच मिनिटे झाली होती. जमनाने फर्मावल्याप्रमाणे त्याने बॉनेटला कुंकू लावले होते. नारळ मात्र शोरूमवाल्यांनी आत फोडू दिला नव्हता, म्हणून तो बाहेरच्या कठड्यावर आपटून आला होता.

"पाणी चाकावर शिंपडलंस ना?" जमनाने विचारले. ती सातपाटीची. माहेरी नवी होडी नारळाशिवाय पाण्यात जात नसे, तेव्हा गाडीला वेगळा न्याय देण्याचे तिला कारण दिसत नव्हते.

"शिंपडलं आई. तो गोरा विचारत होता, सांडलंय ते पुसू का म्हणून."

जमना हसली. भगवंत हसला नाही.

"चार्जिंगची वायर, हितेश."

"घरी गेलो की दावतो. सगळे गाडी बघतात बाबा, तुमी वायर मागता."

"गाडी कंपनीनं तपासलीय. वायर कोणी तपासली?"

फोन बंद झाला, तसा भगवंत उठला. दारात गेला, परत आला. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली. सातच्या पाळीचे कामगार सायकलींवरून तारापूरच्या कारखान्यांकडे निघाले होते. त्यांच्याकडे तो पाहत होता, पण ओळखीच्या दोघांनी हात केला तेव्हा त्याच्या ते ध्यानातही आले नाही. जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देण्याचे काम त्याने तीस वर्षे केले होते. त्याच्या दुकानाचा नियम सगळ्या बोईसरला ठाऊक होता: भरलेली मोटर एक तास चालवायची, सप्लाय बंद करायचा, मग प्रत्येक जोडावर हात ठेवून पाहायचा. हात टिकला तर मोटर बाहेर. गिऱ्हाईक टेम्पो लावून शिव्या देत उभे राहिले, तरी तास म्हणजे तास.

पावणेसातला फोन आला. हितेश गॅरेजमध्ये होता. तो आणि त्याची बायको प्रियंका तळघरात भाड्याने राहत आणि गॅरेज त्यांच्या बरोबर डोक्यावर होते. भिंतीवरच्या जुन्या सॉकेटमधून एक जाड केबल बाहेर उभ्या गाडीकडे निघाली होती. मध्येच तिला दुसरी केबल जोडलेली होती आणि त्या जोडावर काळ्या टेपचे वेटोळे होते.

"हा जोड कोणी दिला?"

"घरमालकाच्या ओळखीचा माणूस हाय. सगळी कामं तोच करतो."

"अशा केबलीला मधे जोड देतात का? ट्रायल केली त्यानं?"

"आता लावलंय की चार्जिंगला. दिवा लागलाय, हे बघा. सकाळपर्यंत होईल."

"सकाळपर्यंत नाय. एक तास बस तिथं. मग मेन बंद कर आणि जोडावर हात ठेव."

"बाबा, मला सहाची शिफ्ट हाय. प्रियंका झोपली पण. ही काय एमआयडीसीतली पाण्याची मोटर हाय का?"

"बस म्हटलं ना."

"तुमचं तेच. मी लहान नाय आता." हितेशचा अंगठा पडद्याकडे आला.

"महादूची दोन बोटं गेली," भगवंत म्हणाला.

अंगठा तिथेच थांबला. जमना स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. महादू भगवंतचा दुकानातला जोडीदार. हितेशला खांद्यावर बसवून समुद्रावर नेणारा महादूकाका.

"कधी?"

"तू गेलास त्या दिवशी. विमानतळाची गाडी दारात उभी होती. एका कंपनीची मोटर द्यायची होती. मी महादूला म्हटलं, आज तास राहू दे, नेऊन बसवून टाक. मला तुला सोडायला यायचं होतं." भगवंत थांबला. "जोड मीच दिलेला. तिथं तो तापला. वास आला म्हणून महादू झाकण उघडायला गेला आणि भडका उडाला. आमी विमानतळावर फोटो काढत होतो तवा."

"चार वर्षं झाली. मला कोणी बोललं नाय."

"महादूच म्हणाला, पोराला सांगू नको. परक्या मुलखात चाललाय."

हितेशने बाजूची बादली पालथी घातली आणि नव्या कोऱ्या शर्टासकट तिच्यावर बसला. फोन भिंतीला टेकवला. पडद्यावर त्याचा गुडघा आणि केबल एवढेच दिसत होते. जमनाने भगवंतपुढचा कप उचलला आणि गरम चहा आणून ठेवला. भगवंत दर दोन मिनिटांनी घड्याळ पाही. हे सांगायला नको होते, असे त्याला वाटे आणि लगेच, सांगितले नसते तर, असेही वाटे.

पावणेआठला हितेशने सॉकेटचा मेन बंद केला. खाली बसून जोडावर हात ठेवला आणि ठेवताक्षणी काढून घेतला. तळवा त्याने पँटला पुसला.

"सॉकेटमधनं काढ," भगवंत हळू आवाजात म्हणाला. "उद्या लायसनवाला माणूस बोलाव. अखंड केबल टाकायला सांग."

"हो."

तेवढ्यात दुकानाच्या किल्ल्या वाजवत महादू दारात आला. रोज याच वेळी तो भगवंतला न्यायला येई.

"घेतली का रे गाडी? एवढं सुतकी तोंड का? पेट्रोल भरायचं नाय म्हणून?"

"काका," हितेश म्हणाला, "हात दावा."

महादूने भगवंतकडे पाहिले. भगवंत जमिनीकडे पाहत होता. चार वर्षे व्हिडिओ कॉलवर महादूने कधी खिशात, कधी पाठीमागे ठेवलेला उजवा हात वर आला आणि फोनसमोर थांबला.

"बघ. तीन हायत अजून. पान्याला तीन पुरतात." त्याने उरलेली बोटे हलवून दाखवली. "तुझ्या बापाला मात्र मी पाना धरला की बघवत नाय. तोंड फिरवतो. त्याला जरा समजाव." मग भगवंतच्या शेजारी टेकत तो म्हणाला, "बरं, आता गाडी दाव. मला दुकान उघडायचंय."

हितेशने फोन उचलला आणि गॅरेजबाहेरचा दिवा लावला. महादूने त्या तीन बोटांत फोन धरला आणि भगवंतलाही दिसेल असा तिरपा केला. भगवंतने तोंड फिरवले नाही. गाडी निळी होती.