लायल स्टोव्हरची पाठ

लायलनं टोपी माझ्या शिवणयंत्रावर ठेवली आणि म्हणाला, "आतलं इलॅस्टिक काढून टाक."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच बोलता आलं नाही. ऑगस्टचे दिवस होते, डोक्यावर पत्रा तापलेला, आणि मी मार्शलच्या जाकिटाचं घामानं कुजलेलं अस्तर बदलत होते. टाचण्या काढून मी म्हटलं, "पडताना टोपी उडेल."

"उडू दे."

"तोंड दिसेल तुझं."

"तेवढ्यासाठीच," लायल म्हणाला.

दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास आमची 'ड्राय फोर्कचा मार्शल' ही टीव्ही मालिका लागायची; मार्शल म्हणजे गावचा पोलीस अधिकारी. तेव्हा टीव्हीवर जिकडेतिकडे घोडेच असायचे. आमचे घोडे त्यातले बऱ्यापैकी लोकप्रिय. प्रत्येक भागात एक मोठा खलनायक, त्याला नाव असायचं, चार वाक्यं असायची. त्याच्या मागे दोन-तीन जण बिननावाचे. ते बिननावाचे मात्र वर्षभर तेच असत. या आठवड्यात गुरं चोरायचे, पुढच्या आठवड्यात बँक लुटायचे, त्यापुढच्यात फौजेतून पळालेले असायचे. मी त्यांचे शर्ट बदलायची, गळ्यातले रुमाल बदलायची. शेवटी मार्शल त्यांना गोळ्या घालायचा आणि ते पालथे पडायचे.

पालथंच पडायचं, हा दंडक होता. मेलेल्याचं तोंड एकदा लोकांनी पाहिलं की तो त्या वर्षापुरता खरोखरच मेला. पुन्हा दिसला तर लोक पत्रं लिहीत, की याला तर गेल्या महिन्यात मारला होता, आम्हाला काय दूधखुळे समजता काय. मालिका ज्यांच्या पैशावर चालायची ते बिस्किटवाले अशा पत्रांना फार भीत. म्हणून आमचा सहायक दिग्दर्शक हॉलिस दुपारभर सेटवर फिरत ओरडायचा, "पालथे रे बाबांनो, पालथे. पाठीला वर्षभर काम आहे, तोंडाला एकच दिवस." आणि टोप्या जागच्या हलू नयेत म्हणून मी त्यांना आतून इलॅस्टिक शिवायची.

लायल स्टोव्हर त्या पडणाऱ्यांतला सगळ्यात चांगला. चाळिशी ओलांडलेली, कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातला, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. आधी तो लोकांच्या घरांची छपरं दुरुस्त करायचा. "तेव्हा पडलो नाही म्हणून पैसे मिळायचे, आता पडतो म्हणून मिळतात," असं सांगायचा. छपरावरून, घोड्यावरून, जिन्यावरून, पाण्याच्या टाकीवरून तो असा पडायचा की बघणाऱ्यानं धावत पुढे व्हावं. आणि मग उठून, कपडे झटकून, जेवणाच्या रांगेत सगळ्यांच्या आधी उभा असायचा.

त्याच्या खोलीवर फोन नव्हता. रविवारी दुपारी तो माझ्याकडे यायचा, येताना कधी पीचची फळं, कधी पाव आणायचा, आणि आईला फोन लावायचा. मी तेव्हा नवऱ्यामागे एकटीच राहत होते; कुणी येतंय याचं बरंच वाटायचं. त्याची आई आयडा. कॅलिफोर्निया लांब आहे म्हणजे मोठ्यानं बोललं पाहिजे, अशी तिची समजूत होती, त्यामुळे मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

त्यांच्या गावाजवळ आदल्या वर्षीच टीव्हीचा मनोरा उभा राहिला होता आणि आयडानं गावात पहिल्या चार-पाचांत टीव्ही घेतला होता. का घेतला, ते उघडच होतं. पहिले काही गुरुवार तिची बैठकीची खोली भरून गेली. ती बोट दाखवायची: तो बघा, तो छपरावरून पडला ना, तो आमचा लायल. लोक बघायचे, तर धुळीत एक पाठ. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या शर्टातली पाठ. पाठ काय, कुणाचीही असते. लोक आधी 'हो का' म्हणाले, मग एकमेकांकडे बघायला लागले. धान्याच्या कोठारावरच्या मॅनेजरची बायको, नायगार्डबाई, तिनं तर एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "आयडा, आज तुझा मुलगा यातला कोणता गं? का घोडाच?"

हे आयडानं फोनवर हसत सांगितलं होतं. लायलही हसला.

मग वसंतात कधीतरी चर्चच्या स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, की लायल स्टोव्हर तिकडे कॅलिफोर्नियात तुरुंगात आहे, आणि बिचाऱ्या म्हातारीनं हे सगळं रचलंय. लहान गावात अशी गोष्ट एकदा टेकली की हलत नाही. लायल दोन वर्षांपूर्वी नवा सूट घालून घरी जाऊन आला होता, ही आठवण कुणी काढली, तर उत्तर आलं की सुटताना तुरुंगवाले सूट देतातच. श्रेयनामावलीत बिननावाच्यांची नावं यायची नाहीत, तेव्हा तोही पुरावा नाही. हळूहळू गुरुवारी आयडाकडे यायचं लोकांनी सोडलं. आले तर नायगार्डबाई आणि दोघी-तिघी, त्याही मजा बघायला.

हेसुद्धा आयडानं रविवारी सांगितलं. सांगताना आवाज मोठाच होता. शेवटी म्हणाली, "मला काही नाही रे त्याचं. मी ओळखते तुला. पाठमोरा असलास म्हणून काय झालं."  मग म्हणाली, "पण एकदा जरासा इकडे वळलास, तर बरं होईल."

लायलनं फोन ठेवला. त्याच्या आईनं त्याच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं, असं त्यानं मला पुढे सांगितलं.

तो आधी सरळ मार्गानं गेला. हॉलिसला म्हणाला, एक वाक्य दे. हॉलिस म्हणाला, वाक्याला वेगळा पगार लागतो आणि वाक्य बोलणारे शंभर मिळतात. मग लायल म्हणाला, दारूच्या गुत्त्यात गर्दीत नुसता उभा कर, तोंड कॅमेऱ्याकडे. हॉलिस वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं, की एकदा गुत्त्यात ओळखू आलास की नंतर तुला छपरावर चढवता येणार नाही. आणि उभं राहायला कुणीही चालतं, पडणार कोण?

म्हणून मग टोपी माझ्या शिवणयंत्रावर आली.

मी त्याला म्हटलं, काम जाईल. दुसऱ्या मालिकांमध्ये त्यांची त्यांची पडणारी माणसं होती, आणि घोड्यांच्या खेळांतून रोज नवीन पोरं येत होती, हाडं न दुखणारी. लायल म्हणाला, हे सगळं त्याला माहीत आहे. मी म्हटलं, माहीत असणं वेगळं. तो म्हणाला, "व्हेरा, तिला त्या गावात राहायचंय. मला नाही." मी ब्लेडनं टाका उसवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तबेल्याच्या माडीवरून पडायचा प्रसंग होता. प्रत्येक भागाला आम्हाला तीनच दिवस मिळायचे. त्या दिवशी घोडा बिथरल्यामुळे आधीच उशीर झाला होता, आणि सूर्य टेकडीमागे चालला होता. गोळी सुटली. लायल कठड्यावरून आला, गवताच्या भाऱ्यावर आपटला, तिथून घरंगळत धुळीत आला आणि शेवटच्या वळशाला पालथा होण्याऐवजी उताणा झाला. टोपी लांब जाऊन पडली. मार्शल चालत आला, ठरल्याप्रमाणे त्याच्याजवळ उभा राहिला, आणि कॅमेरा मार्शलच्या बुटांवरून सरकत लायलच्या तोंडावर आला. डोळे उघडे, ओठांना धूळ, पापणी हलत नाही.

दिग्दर्शकानं सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाला, चांगलं आहे, राहू दे. हॉलिस डोक्याला हात लावून खुर्चीत बसला. नंतर तो लायलकडे गेला तेव्हा लायल कपडे झटकत होता. हॉलिस एवढंच म्हणाला, "मेलास रे लायल." लायल म्हणाला, "हो."

त्यानंतर लायल पुन्हा छपरं दुरुस्त करायला लागला. मालिकेनं पुढच्या वर्षी बघू म्हटलं. पुढच्या वर्षी कुणी बघितलं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात जुन्या भागांतली त्याची पाठ टीव्हीवर अधूनमधून पडत राहिली. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी तो भाग लागला. लायल माझ्याकडे होता. आयडानं नायगार्डबाईपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना बोलावलंय, असं तो दोनदा म्हणाला. त्याचं तोंड आलं तेव्हा पडदा भरून आलं. कॉफीचा एक घोट घेईपर्यंत राहिलं असेल.

"दिसलो ना?" त्यानं विचारलं.

"दिसलास," मी म्हटलं.

रविवारी त्यानं फोन लावला. त्या दिवशी पहिल्यांदाच मला स्वयंपाकघरात आयडाचा आवाज आला नाही. लायलचंच ऐकू येत होतं: "सगळ्यांनी बघितलं?... नायगार्डबाई होत्या?... मग काय म्हणाल्या?" फोन ठेवून तो आत आला आणि खुर्ची ओढून बसला. मी विचारलं तर म्हणाला, "बघितलं म्हणाली. मग विचारलं, जेवतोस ना नीट."

 त्या संध्याकाळी सफरचंद सोलताना तो मध्येच थांबायचा. एवढं करून तिला आवडलं की नाही, हेच त्याला कळलं नव्हतं.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही दोघं माझ्या गाडीनं कॅन्ससला गेलो. पुढे वसंतात आम्ही लग्न केलं, पण तेव्हा तसं काही ठरलेलं नव्हतं. त्याला सुट्टी होती आणि मला सणाची टर्की एकटीनं खायची नव्हती. गावात शिरताना वाणसामानाच्या दुकानाशी थांबलो, तर दुकानदार पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आला. आणखी दोघं आले. सगळ्यांनी लायलचा हात हातात घेतला. "अरे, तू तर मेला होतास की," असं प्रत्येकानं म्हटलं आणि प्रत्येकाला वाटलं आपणच पहिले. तुरुंगाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. लायल कान लाल होईपर्यंत हसला.

आयडा उंच, हडकुळी बाई होती. तिनं दार उघडून लायलकडे पाहिलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, गाल जरा चिमटीत धरून ओढल्यासारखा केला, आणि म्हणाली, "ये."

दुपारी नायगार्डबाई भोपळ्याचा पाय नावाचा गोड पदार्थ घेऊन आली. माफी मागायची तिची तीच रीत असावी. लायलला म्हणाली, "मेल्यावर बरा दिसतोस रे तू." मग स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून भांडी पुसताना हळू आवाजात सांगायला लागली. त्या गुरुवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लायलचं तोंड आलं तशी सगळी खोली ओरडली, टाळ्या वाजल्या, पाद्रीबाबासुद्धा उभे राहिले. "मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडले असेन," ती म्हणाली. "आणि आयडा उठली आणि तिनं टीव्ही बंदच केला. म्हणाली, आता घरी जा सगळे. आणलेले गोड पदार्थ कापलेसुद्धा नव्हते. आम्हाला वाटलं, आनंद झाला असेल, एकटीला रडायचं असेल. त्यानंतर लावलेला नाही तिनं टीव्ही. मी विचारलं, तर म्हणते बिघडलाय."

टीव्ही बिघडला नव्हता. संध्याकाळी जेवणं झाल्यावर लायलनं सहज बटण फिरवलं आणि चित्र आलं. गुरुवार होता. नायगार्डबाई आणि तिचा नवरा होते, दुकानदार होता, मी होते. आयडा हातातली ताटली घेऊन दाराशी उभी राहिली, मग आत येऊन लायलच्या खुर्चीशेजारी बसली. 

मार्शलनं नेहमीप्रमाणे चौकशी केली, नेहमीप्रमाणे त्याला फसवलं, नेहमीप्रमाणे शेवटी रस्ता रिकामा झाला आणि गोळ्या सुटल्या. पाण्याच्या टाकीवरून एक माणूस पडला. नवा होता, लायलच्या जागी आलेला. घोड्यांच्या खेळांतला असावा, जरा जास्तच हात फेकले त्यानं. पण पडला बरोबर, पालथा. टोपी जागची हलली नाही. ती कुणी शिवली होती ते मला ठाऊक होतं.

दुकानदार म्हणाला, तुझ्याइतकं जमलं नाही त्याला. नायगार्डबाई म्हणाली, अजिबात नाही. लायल नुसता हसला.

आयडा पुढे झुकली होती. ताटली तिच्या मांडीवर तिरकी झाली होती.

"हा उठतो ना नंतर?" तिनं विचारलं.

लायलनं तिच्याकडे पाहिलं. 

"उठतो, आई," तो म्हणाला. "कपडे झटकतो आणि जेवायला जातो."

"बरं," आयडा म्हणाली.

मार्शल घोड्यावर बसला आणि गावाबाहेर निघाला. त्याचं संगीत सुरू झालं, आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे पाहत होते. आयडा पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहत होती, जिथे तो माणूस अजून धुळीत पडलेला होता.