भिंतीवरचं बटण

कल्पिताची रोजची एक शिस्त होती. थळहून अलिबागच्या शाळेत शिकवायला निघताना ती खोलीचे पडदे ओढायची आणि एसी नुसता रिमोटने न थांबवता भिंतीवरचं बटणही बंद करायची. बटण चालू राहिलं तर थांबलेला एसीसुद्धा थोडीथोडी वीज खात राहतो, हे ती वर्गातल्या मुलांनाही समजावून सांगे.

ऑक्टोबरचा उकाडा होता. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि फोनवर एसीच्या अ‍ॅपचा निरोप आला : चालू, अठरा अंश.

घास हातातच राहिला. भिंतीवरचं बटण बंद असताना फोनवरून एसी लागत नाही. ते कुणीतरी बोटानेच दाबावं लागतं. आणि घरात तर कुणी नव्हतं. नवरा प्रितम कामावर, सासरे बुधाजी सकाळीच मांडव्याला लाँच पकडून लेकीकडे मुंबईला जायला निघालेले.

बुधाजींचा फोन नुसता वाजत राहिला. तिने शेजारच्या वेणूबाईंना लावला.

"काकू, आमच्या दाराला कुलूप आहे का बघता? आत मात्र जाऊ नका."

"थांब गो... अगं, कुलूप न्हाय! चोर शिरला काय? माणसं जमवू?"

चोर एसी कशाला लावेल? दुसरी चावी एकट्या बुधाजींकडे होती. पण ते तर भर दुपारी पंख्याखाली बसून तिलाच टोमणा मारायचे, "मास्तरीणबाई, आम्ही काय मासळी हाव, बर्फात ठेवायला?"

त्या माणसाने स्वतः एसी लावला होता. तोही अठरावर.

म्हणजे त्यांना काहीतरी होत होतं.

"काकू, आत जा! बाबा असतील. आधी रुग्णवाहिका बोलवा!"

स्कूटर कशी चालवली, तिला कळलं नाही. खोलीत शिरताच अंगावर काटा आला, इतका गारठा होता. तरी बुधाजींचा सदरा घामाने चिंब होता. वेणूबाई त्यांना टेकवून बसल्या होत्या.

"जेट्टीवरनं परत आलो," बुधाजी पुटपुटले. "छातीत दाटलं. वाटलं, उकाड्यानं असंल."

"मला फोन का नाही केलात?"

"तुझा वर्ग व्हता ना."

लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. बुधाजींनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

"सोडू नको गो, पोरी."

"नाही सोडत, बाबा," ती म्हणाली.