एक थेंबही गळला नाही

मी बोलतोय, पाण्याखाली बघायचा मास्क. काळं रबर, पुढे जाड काच आणि पट्ट्यात अडकवलेली श्वासाची वाकडी नळी. मी चिडलेलो आहे, ते आधीच सांगून ठेवतो. वर्षभर माळ्यावर तोंड दाबून पडलो होतो.

विनयाच्या भावानं, धनंजयनं, जहाजावरच्या नोकरीतून मला आणलं आणि बहिणीला दिलं. विनया मालवणची. लग्नाआधी ती पाठीवर टाकी-बिकी न बांधता, नुसता श्वास धरून खडकांपाशी बुड्या मारायची. पण मी आलो तेव्हा ती लखनौला, अलीगंजमध्ये, रेल्वेतल्या इंजिनियर रमाकांतचा संसार करत होती. मला टीव्हीशेजारी फुलदाणीजवळ ठेवलं. पाहुणे आले की रमाकांत मला दाखवायचा, "साले साहब जहाज पे हैं!" विनया मला घालून कांदे चिरायची. हसू नका. निदान कुणाच्या तरी डोळ्यांवर होतो.

त्यांची मुलगी रुचा बारा वर्षांची झाली आणि हट्टाला पेटली. "आई, समंदर के नीचे मुझे भी देखना है."

विनयानं अट घातली, "क्लबच्या तलावात पाण्याखालून एक लांबी न घाबरता पार कर, मग मेमध्ये मालवणला नेते."

शिकवलं तिनंच, काठावर उभं राहून. आधी माझ्या काचेत थुंकायचं, बोटानं चोळायचं, विसळायचं, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. मग दोन श्वास शांत, तिसरा पोटभर, आणि निघायचं. "पोट आतून ढुसण्या द्यायला लागलं की वर. तिथे शहाणपणा करायचा नाही."

रमाकांतला हे कुठलं पटायला! "शी! थुंकता काय त्यात?" तो रोज पहाटे प्राणायाम करायचा, त्यामुळे श्वास या विषयाचा आपण मालक आहोत असं त्याला वाटे. "रुचा, बुडी मारण्याआधी चाळीस भस्त्रिका कर. दम दुप्पट होईल."

"अहो, पाण्यात जाण्याआधी असे भराभर श्वास घ्यायचे नसतात. बाबा आम्हाला फोडून काढायचे."

"तुझे बाबा योगशास्त्र शिकले होते का?"

हे वाक्य आठवलं की आजही माझं रबर तापतं.

रविवारी तलावाच्या काठावर रमाकांतनं चाळीस मोजले. रुचाचे गाल लालबुंद झाले. विनया साडी सावरत कडेला उभी होती. रुचा पाण्याखाली निघाली. अर्ध्या लांबीपर्यंत पोटानं एकही ढुसणी दिली नाही, म्हणून पोरगी खूश. दगा तिथेच होता. भराभर श्वासांनी हवा वाढत नाही, फक्त आतून ओरडणारा गप्प होतो. तिचे डोळे माझ्या काचेशी होते. ते बघत होते, आणि मग उघडे असूनही बघेनासे झाले. मी काच. मी कुणाला हाक मारणार?

वर रमाकांत घड्याळ बघून ओरडत होता, "शाबाश! रेकॉर्ड!"

रुचाचे हातपाय थांबलेले दिसताच विनयानं साडीसकट उडी घेतली. लग्नानंतर इथल्या चारचौघांत तिनं कधी पाण्यात पाय घातला नव्हता. तिनं रुचाला वर ओढलं, मला ओरबाडून फेकलं. "श्वास घे, रुचा! घे!" रुचा खोकली. वाचली.

आणि संध्याकाळी विचारपूस करायला आलेल्या शेजाऱ्यांना रमाकांतनं काय सांगावं? "मास्क लीक कर गया जी. जहाजवालों का माल है."

मी! मी गळलो! लोकांसमोर नवऱ्याला कसं खोटं पाडायचं, म्हणून विनयाही गप्प राहिली. तिचाही मला राग आला. मालवण रद्द झालं आणि मी माळ्यावर, कूलरच्या जुन्या जाळ्यांखाली गेलो.

पुढच्या मेमध्ये व्हरांड्यातून रमाकांतचा आवाज आला. कॉलनीतली आठ-दहा पोरं मांडी घालून बसली होती. "पानी में उतरने से पहले, बच्चों, चालीस भस्त्रिका."

स्टूल सरकलं. रुचानं मला खाली ओढलं, काच खाली करून धरलं, बादलीतल्या पाण्यानं काठोकाठ भरलं आणि बापाच्या नाकासमोर नेलं.

"पापा, दिखाइए. कहाँ लीक है?"

पोरं वाकून बघू लागली. रमाकांतही बघत राहिला. पाणी जिथल्या तिथे होतं.

"मास्क ठीक था. वो चालीस साँसें गलत थीं. आई ने मना किया था."

त्यानं माझ्या काचेखालून बोट फिरवलं, ते कोरडंच निघालं. मग पोरांना म्हणाला, "वो मत करना," आणि दारात उभ्या असलेल्या विनयाकडे वळला. "तू सांग. मला येत नाही."

विनयानं माझ्यातलं पाणी ओतून दिलं, सगळ्यांदेखत काचेत थुंकली आणि म्हणाली, "पहली बात. जल्दी नहीं."

माझ्या पट्ट्याचं रबर आता चिरलंय, पण उद्याच्या गाडीनं मी रुचाच्या पिशवीतून मालवणला निघतोय. रमाकांतला मी माफ केलेलं नाही. तुम्हालाही एवढंच सांगतो. पोर बुडता बुडता वाचली तर खुशाल माझ्यावर खापर फोडा. पण त्याआधी मला एकदा पाण्यानं भरून बघा.