गिटारच्या मानेला सात हात

पॉलिशवालीच्या तावडीतून लाकूड सुटत नसे. खुर्ची असो, कपाट असो, कुणाच्या आजेसासूबाईंची मोडकी पेटी असो, तिने बोळा फिरवला की त्यात बघून खुशाल भांग पाडावा. त्यामुळे माळ्यावरून दादाची बेस गिटार उतरवली तेव्हा तिला वाटलं, हे तर आपलंच काम.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. वीस वर्षं एका बँडमध्ये बेस वाजवत होता. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या प्रेसखाली डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी गेली, आणि त्याने गिटार माळ्यावर टाकली ती टाकलीच. कारखान्याने त्याला गोदामात बसवलं, बहिणीने आपल्या घरात. डावा हात कायम खिशात, जीभ मात्र मोकळी. चहा पाणचट, पंखा कुरकुरा, बहिणीच्या स्पिरिटने म्हणे डाससुद्धा झिंगतात.

मग बँडच्या ड्रमवाल्याचा निरोप आला. "महिनाअखेरच्या शनिवारी चारला तालमीला ये. नाही आलास तर दुसरा बेसवाला घेतो. किती वाट बघायची रे बाबा?"

"घेऊ दे की," दादा म्हणाला. पण त्या दिवशी त्याने चहाला नावं ठेवली नाहीत. बहिणीने काय ते ओळखलं.

तीन आठवडे तो कामावर गेला की ती गिटार घेऊन बसे. गंजक्या तारा काढल्या, खुंट्यांना तेल दिलं, आतली सुटलेली वायर सोल्डर केली. उरलेल्या बोटांना जोर कमी लागावा म्हणून मऊ तारा आणल्या आणि मानेवरच्या पडद्यांच्या अगदी जवळ घेतल्या. इथवर सगळं शहाण्यासारखं. मग तिचे हात शिवशिवले. गिटारची मान मागून मळकट, विटकी दिसत होती. तिने ती घासली आणि लाखेचे सात हात दिले.

शनिवारी अर्ध्या दिवसाने दादा घरी आला, तर गिटार त्याच्या खुर्चीत बसलेली, शेजारी ॲम्पच्या खोक्याला जोडून.

"हा काय चावटपणा?"

"उचलून तर बघ."

आधी त्याने ती उजव्या हाताने उचलली. मग खिशातला हात निघाला. दोन सूर लागले, जाड, गोल. तिसऱ्याला हात मानेवरून सरकवायला गेला तर चिकटून बसला.

"हे काय फासलंयस?"

"पॉलिश. सात हात!"

"अगं ठमे, ही गिटार आहे, जेवणाचं टेबल नाही! घाम आला की हात चिकटतो इथे. वीस वर्षं घासून घासून मी ती मान कोरडी केली होती!"

संपलं, तिला वाटलं. दोन वाजले होते, आणि आता हा पुन्हा कधी हात लावायचा नाही.

"पॉलिश पेपर दे," दादा म्हणाला. "बारीकातला. बघतेस काय?"

गिटार मांडीवर आडवी घेऊन तो घासायला बसला. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी मान धरली, उजव्याने कागद ओढला. सात हातांची पांढरी भुकटी फरशीवर पडत होती.

"लाकडाच्या रेषेनं ओढ रे, आडवं नको."

"वाजवणार कोण, तू?"

तिने झाडू आणून भुकटी गोळा केली.

मग त्याने वाजवलं. चाल चांगली धरली होती, आणि जिथे तिसरं बोट लागायचं तिथे तो अडला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने बोट शोधलंच नाही, अख्खा हात मानेवरून खाली सरकवला. सूर जरा घसरत आला, पण आला.

"चुकला?" तिने विचारलं.

"चुकला कसला? असाच वाजवायचा आता." त्याने तोच सूर आणखी चारदा घसरवला, हट्टाने. मग घड्याळाकडे पाहिलं. "ॲम्प उचल. मला एकट्याला झेपायचा नाही."

ॲम्प उचलताना तिने मानेकडे एकदा पाहिलं. कुठे चकाकी, कुठे ओरखडे, खरूज झाल्यासारखी.

"दादा, तिथे कुणी विचारलं तर सांग, पॉलिश दुसऱ्या कुणी केलंय."